जिल्हा निवडा, तालुका निवडा

सातबारा पाहण्यासाठी महाभूलेखच्या संकेतस्थळावर गेलेल्या खातेदाराला आधी विभाग विचारला जातो, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि सगळ्यात शेवटी सर्व्हे किंवा गट नंबर. चारठाण्याच्या शेतकऱ्याने छत्रपती संभाजीनगर विभाग निवडला, परभणी जिल्हा निवडला, की पुढच्या चौकटीत नऊ तालुके उघडतात. त्यातून जिंतूर निवडले की जिंतूर तालुक्यातलीच गावे दिसतात, गंगाखेडची दिसत नाहीत. पुढच्या पायरीवर काय दाखवायचे हे मागच्या पायरीवरच्या उत्तरावरून ठरते. संगणकाच्या कामातले लोक याला डायनॅमिक मेनू म्हणतात, आणि ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले तंत्र आहे असे सगळेच धरून चालतात. तंत्र तेवढ्याच वयाचे आहे हे खरे, पण त्या मेनूत जे भरलेले आहे ते फार जुने आहे. विभाग, जिल्हा, तालुका, गाव ही उतरंड परभणीत दीडशेहून अधिक वर्षांत घडली, मोडली, पुन्हा रचली गेली. दर वेळी जुन्या कागदांना नवा पत्ता मिळाला किंवा मिळालाच नाही. माझे म्हणणे असे की सरकारी संकेतस्थळाचा मेनू हा दप्तराचाच भाग मानला पाहिजे. त्याची नोंद एकाच जागी आणि तारखांसकट ठेवावी, आणि डोळ्यांना दिसणारा मेनू त्या नोंदीतून आपोआप तयार व्हावा. एक्सएमएल आणि एक्सएसएलटी या जोडीने १९९९ च्या सुमारास याच मार्गाचा पहिला भाग दाखवून दिला होता. तो मार्ग का बरोबर होता आणि त्यात काय कमी होते, हे समजून घ्यायला परभणीच्या महसुली इतिहासाइतका चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही.

या प्रदेशातली उतरंड किती वेळा उलटीपालटी झाली, ते पाथरीवरून कळते. अकबराच्या काळातल्या आइन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पाथरीचे नाव येते. सरकार म्हणजे सुभ्याच्या खालचा आणि परगण्याच्या वरचा विभाग, आजच्या जिल्ह्याच्या जवळपास जाणारा. आज तीच पाथरी परभणी जिल्ह्यातला एक तालुका आहे. १८६५ मध्ये हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी संस्थानात जिल्हाबंदी लागू केली, तेव्हा ही सगळी मांडणी नव्याने झाली. त्याआधी मुलखाचा महसूल बराचसा मक्त्याने वसूल होत असे. कोणता मुलूख कोणाकडे, हे मक्ता कोणाला मिळाला यावर ठरे आणि हिशेबाचे कागद मक्तेदाराच्या घरी राहत. जिल्हाबंदीनंतर जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार अशी पगारी अधिकाऱ्यांची फळी उभी राहिली, आणि तिच्या तळाशी गावोगावचे वतनदार पाटील-कुलकर्णी होतेच. कागद व्यक्तीकडून कचेरीकडे आला. गावाचा कागद तालुक्याच्या कचेरीत, तालुक्याचा गोषवारा जिल्ह्याला, जिल्ह्याचा सुभ्याला असा त्याचा प्रवास ठरून गेला. १८८१ मध्ये संस्थानात पहिली शिरगणती झाली आणि माणसेही याच क्रमाने मोजली गेली. १९०९ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये परभणी औरंगाबाद विभागाखाली छापलेली आहे. आज मोबाइलवर ‘विभाग निवडा’ म्हटल्यावर परभणीचा माणूस औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या नावावर बोट ठेवतो, तेव्हा तो नकळत याच जुन्या वाटेने चाललेला असतो.

ही उतरंड कागदावर दिसते तितकी सलग मात्र कधीच नव्हती, आणि पुढच्या युक्तिवादासाठी हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. निजामाच्या राज्यात दिवाणी मुलूख वेगळा, निजामाच्या खासगी मालकीचा सर्फ-ए-खास वेगळा, पायगा आणि जहागिरी वेगळ्या होत्या. एखादे गाव नकाशावर तालुक्याच्या मधोमध असले तरी त्याचा महसूल आणि त्याचे दप्तर जहागीरदाराकडे असू शके. म्हणजे भूगोलाचे झाड एक आणि कारभाराचे झाड दुसरे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाल्यानंतर, १९४९ मध्ये सर्फ-ए-खास आणि जहागिरी संपवल्या गेल्या, तेव्हा ही दोन झाडे पहिल्यांदा बऱ्याच अंशी एकावर एक बसली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि मुंबई इलाख्यात वाढलेली गाव नमुन्यांची पद्धत इकडे रुजली. अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याच्या नियमपुस्तिकेवरून ओळखली जाणारी ही पद्धत गावच्या प्रत्येक नोंदवहीला क्रमांक देते. फेरफाराची वही नमुना ६, अधिकार अभिलेख नमुना ७, पिकांची नोंद नमुना १२, खातेदाराचे एकूण क्षेत्र नमुना ८-अ. सातबारा हे नाव त्या क्रमांकांतूनच आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि मराठवाड्याची जुनी महसुली घडी तिने बदलली. जुने कागद मात्र राहिलेच. सेतवार, पाहणी पत्रक, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक यांची गरज परभणीच्या शेतकऱ्याला आजही वादाच्या वेळी पडते. ते कागद आजच्या उतरंडीतून सापडत नाहीत, कारण ते ज्या दिवशी लिहिले गेले त्या दिवशीच्या उतरंडीत बांधून ठेवलेले आहेत.

त्यानंतर जिल्हाच कापला गेला, तोही दोनदा. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून निघून जालन्यात गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ मिळून हिंगोली जिल्हा झाला. या दुसऱ्या कापणीचे परिणाम नुसत्या आकड्यांतही दिसतात. १९९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती १५ लाखांच्या थोडी वर आली. २०११ मध्ये १८,३६,०८६ झाली. हे तीन आकडे एका ओळीत मांडले तर दहा वर्षांत जिल्ह्यावर एखादी महामारी येऊन गेली असे वाटेल. प्रत्यक्षात माणसे कुठेही गेली नव्हती, फक्त त्यांच्या जिल्ह्याचे नाव बदलले होते. १९६७ साली छापलेल्या परभणी जिल्हा गॅझेटियरमध्ये औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि नामदेवांचे नरसी ही परभणी जिल्ह्यातली ठिकाणे आहेत, आणि त्या ग्रंथात ते बरोबरच आहे. आज तो ग्रंथ संगणकावर उघडून शोधणाऱ्याने ‘हिंगोली जिल्हा’ असे टाकले तर त्याला हाती काही लागणार नाही. मात्र आजच्या नकाशाप्रमाणे जुना मजकूर दुरुस्त करणे हा यावरचा उपाय नव्हे. तसे केले तर गॅझेटियर खोटे पडेल. १९६७ मध्ये ते जे सांगत होते ते तसेच राहिले पाहिजे, आणि तिथवर जाणारी वाट आजच्या माणसाला सापडली पाहिजे. नोंद एक आणि वाटा अनेक, अशी ही अडचण आहे.

संकेतस्थळे बनू लागली तेव्हा हीच अडचण वेगळ्या रूपात तिथे आली. १९९० च्या दशकातल्या संकेतस्थळांत बहुतेक वेळा प्रत्येक पान हाताने लिहिलेले असे, आणि डावीकडची किंवा वरची मेनूपट्टी प्रत्येक पानात नकलून टाकलेली असे. पन्नास पानांच्या संकेतस्थळात एक विभाग वाढला की पन्नास जागी बदल करावा लागे. चाळीस जागी होई, दहा जागी राहून जाई. मग काही जण पडद्याचे तुकडे करून मेनू एका तुकड्यात ठेवत, काही जण मेनूची फाइल सर्व्हरवरून प्रत्येक पानात ओवत. हे उपाय कामचलाऊ होते, कारण मेनूची रचना आणि मेनूचे रूप यांची गाठ त्यातही सुटलेली नव्हती. एक्सएमएल १.० हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर केले आणि जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली एक्सएसएलटी १.० हे १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आले, हिंगोली वेगळी झाली त्याच वर्षी. एक्सएमएलमध्ये माहिती तिच्या अर्थाप्रमाणे खुणा करून एकात एक ठेवता येते. जिल्ह्याच्या पोटात तालुका, तालुक्याच्या पोटात गाव, गावाच्या पोटात नमुने. ती कोणत्या रंगात, कोणत्या आकारात दिसेल याचा त्यात उल्लेखही नसतो. दिसण्याचे नियम वेगळ्या फाइलीत, एक्सएसएलटीत, लिहायचे.

या नियमांची घडण मला आजही सुंदर वाटते. एक्सएसएलटीत आज्ञांची लांबलचक माळ नसते. प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी एक साचा असतो. तालुका आढळला की त्याच्या नावाची एक ओळ काढावी आणि त्याच्या पोटात जे असेल त्याला पुन्हा हेच नियम लावावेत, एवढेच त्या साच्यात लिहिलेले असते. उतरंड तीन पायऱ्यांची असो की सात, नियम बदलत नाहीत. रचना जितकी खोल तितका मेनू खोल होतो. वाचक सध्या ज्या पानावर आहे ते पान झाडात शोधून, तिथून मुळापर्यंतचे सगळे पूर्वज एका सूचनेत मागवता येतात. म्हणून पानाच्या माथ्यावर ‘परभणी, जिंतूर, चारठाणा’ अशी वाट छापता येते आणि मेनूत फक्त जिंतूरची फांदी उघडी ठेवून बाकीच्या मिटलेल्या दाखवता येतात. नवा तालुका झाला तर मूळ फाइलीत एक नोंद वाढवायची. मेनू, वाट, संकेतस्थळाचा नकाशा आणि छापील यादी ही चारही रूपे त्या एका नोंदीतून पुन्हा तयार होतात. इंटरनेट एक्सप्लोररच्या १९९९ मधल्या पाचव्या आवृत्तीत या भाषेचा एक कच्चा मसुदा चालत असे आणि २००१ च्या सहाव्या आवृत्तीत खरे मानक आले. सर्व्हरच्या बाजूला अपाची कोकून नावाचा प्रकल्प पूर्ण संकेतस्थळेच या पद्धतीने उभी करत होता. परभणीच्या जिल्हा संकेतस्थळाचा किंवा महाभूलेखचा मेनू याच साधनाने बांधला गेला असे मी म्हणत नाही. त्यांना जी अडचण सोडवायची होती, तिचे सगळ्यात स्पष्ट उत्तर या साधनात लिहिलेले आहे, एवढाच माझा दावा आहे.

मराठी वाचकासाठी यात आणखी एक लाभ होता, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. त्या काळातली बरीच मराठी संकेतस्थळे खास फॉन्टच्या आधाराने चालत. पडद्यावर ‘पाथरी’ दिसे, पण आत साठवलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट नसला की निव्वळ कचरा दिसे, आणि फॉन्ट असला तरी संगणकाला ते नाव शोधता येत नसे की क्रमाने लावता येत नसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ पासून होते आणि युनिकोडमध्ये देवनागरीही त्याच वर्षी आली होती, तरी रोजच्या वापरात फॉन्टचेच राज्य होते. एक्सएमएलने युनिकोड हा पायाच धरला. इतका की खुणांची नावेसुद्धा देवनागरीत ठेवता येतात; ‘जिल्हा’, ‘तालुका’, ‘गाव’ असे लिहिलेले एक्सएमएल पूर्णपणे नियमात बसते. केंद्र सरकारने ई-प्रशासनात भारतीय भाषांसाठी युनिकोड हे मानक ठरवले ते २००९ मध्ये, म्हणजे दहाएक वर्षांनी. क्रमाचा प्रश्न तर थेट मेनूत दिसतो. परभणीचे नऊ तालुके वर्णमालेप्रमाणे लावले तर गंगाखेड, जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू, सोनपेठ असा क्रम येतो. इंग्रजी यादी घेऊन तिच्यातली नावे नुसती मराठीत बदलली तर मानवत पालमच्या आधी येते आणि परभणी पालमच्या नंतर जाते. नऊ नावांत हे चालून जाईल, पण एका तालुक्यातल्या शंभराहून अधिक गावांच्या यादीत मराठी शाळेत शिकलेला माणूस आपले गाव चुकीच्या जागी शोधत राहतो. एक्सएसएलटीत क्रम लावताना कोणत्या भाषेचा क्रम हवा हे सांगण्याची सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे. नोंद तीच ठेवून मराठी मेनू मराठी क्रमाने आणि इंग्रजी मेनू इंग्रजी क्रमाने काढायला त्यामुळे काहीच अडत नव्हते.

आता आक्षेप पाहू. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की झाडाची रचनाच मुळात खोटी आहे. गाव एका झाडाला लटकत नाही. जहागिरींच्या काळात दोन झाडे होती, आज तर दहा आहेत. महसुलासाठी गाव तालुक्यात आहे, योजनांसाठी पंचायत समितीत, फिर्यादीसाठी पोलीस ठाण्याच्या हद्दीत, मतदानासाठी विधानसभा मतदारसंघात. परभणी लोकसभा मतदारसंघात जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी या चार विधानसभा मतदारसंघांबरोबर जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगी हेही आहेत. म्हणजे १९८१ साली महसुलाच्या झाडावरून तुटलेले परतूर मतदानाच्या झाडावर परभणीलाच लागून आहे. परभणीचे रेल्वे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहे आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला आहे, निजामाच्या वेळची दिशा तिथे अजून टिकून आहे. महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. मग एकच झाड खरे मानून बाकीची झाडे कशी बसवायची? आक्षेप खरा आहे, पण तो झाडाला नोंद मानण्यावर आहे, नोंदीतून झाड काढण्यावर नाही. गावाला एक ओळखक्रमांक द्यावा आणि ‘हे गाव कोणाच्या पोटात’ हे प्रत्येक कामासाठी वेगळे लिहावे. मग एकाच फाइलीतून महसुलाचा मेनू, निवडणुकीचा मेनू आणि पोलीस ठाण्यांचा मेनू असे वेगवेगळे मेनू निघतात. एक्सएसएलटीत अशा ओळखक्रमांकावरून नोंद हुडकण्यासाठी वेगळी सोय ठेवलेली आहे, ती याच गरजेतून. मेनू पानात हाताने लिहिलेला असला की मात्र तो एकाच झाडाशी कायमचा बांधला जातो. झाडे अनेक आहेत म्हणूनच मेनू तयार करून घ्यायचा असतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. एक्सएसएलटी मेली, असे ते सांगतात, आणि त्यांच्याकडे पुरावे आहेत. आयकर विवरणपत्रे भरण्याची सरकारी साधने वर्षानुवर्षे एक्सएमएल फाइल तयार करत. २०२१ पासून तिची जागा जेसन या माहिती साठवण्याच्या दुसऱ्या रूपाने घेतली. २०२५ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. वापर अत्यल्प आणि जुन्या कोडमधल्या त्रुटींमुळे सुरक्षेचा धोका, ही कारणे दिली गेली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एक सामायिक चौकट उभी केली, म्हणून परभणीच्या आणि हिंगोलीच्या संकेतस्थळांची मेनूपट्टी आज जवळपास सारखी दिसते, आणि तीत एक्सएसएलटीची गरज पडत नाही. हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा ढळत नाही. मोडी लिपी कचेऱ्यांतून गेली, बोरू गेला, उर्दूतला पाहणी पत्रकाचा नमुना गेला, तरी ‘गाव, मग नंबर, मग खातेदार’ ही नोंदीची रीत राहिली, कारण ती हत्याराशी बांधलेली नव्हती. जेसनमध्ये ठेवलेली यादी आणि जावास्क्रिप्टने काढलेला मेनू ही त्याच विचाराची पुढची पिढी आहे. उलट या बदलातून एक इशारा मिळतो. ज्यांनी आपली माहिती स्वच्छ एक्सएमएलमध्ये ठेवली होती त्यांना नव्या साधनावर जायला एक रूपांतर पुरते. ज्यांनी ती पानांच्या सजावटीत मिसळून ठेवली होती त्यांना प्रत्येक पान पुन्हा टंकावे लागते.

तिसरा आक्षेप सामान्य माणसाच्या बाजूने येतो, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. मेनू कोण वाचतो? परभणीच्या खेड्यातला माणूस आपले सरकार सेवा केंद्रात जातो, चालकाला काम सांगतो आणि चालक कळफलकावर बोटे चालवतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे तो थेट शोधयंत्रात टाकतो. आणि जो मेनू उघडतो त्यालाही विभागांची नावे पाठ नसतात. त्याला पीक विमा हवा असतो, वारसाची नोंद हवी असते, उत्पन्नाचा दाखला हवा असतो. कचेरीची रचना त्याच्यावर का लादायची? खरे आहे, लादू नये. पण शोधयंत्राला तरी उत्तर कुठून मिळते? एकाच नावाची गावे महाराष्ट्रात डझनांनी आहेत. कोणते गाव कोणत्या तालुक्यातले, हे कुठेतरी नेमके लिहिलेले असल्याशिवाय शोधयंत्र चुकीच्या गावाचा कागद पुढे करेल, आणि सातबाऱ्याच्या बाबतीत चुकीचा कागद हा किरकोळ घोटाळा नसतो. रचना आणि रूप वेगळे ठेवल्याने इथेच माणसाची सोय होते. नोंद कचेरीच्या अधिकारांप्रमाणे ठेवावी, कारण जबाबदारी तिथे ठरते. दाखवताना मात्र माणसाच्या कामाप्रमाणे दाखवावी. ‘शेतजमीन’, ‘दाखले’, ‘शाळा-कॉलेज’, ‘पाणी’ अशी दारे करावीत आणि प्रत्येक दारामागे योग्य कचेरी आपोआप जोडली जावी. त्यासाठी नोंद बदलावी लागत नाही, दुसरा साचा लिहावा लागतो. मग सेवा केंद्राच्या चालकाला त्याच नोंदीतून तिसरा, झटपट मेनू देता येईल. सरकारी संकेतस्थळांत बहुधा एकच साचा असतो, तोही कचेरीच्या बाजूने लिहिलेला. आहे त्या नोंदीतून हे सहज बदलता येण्याजोगे असताना ते तसेच पडून राहते, याची मला खंत वाटते.

एक्सएमएलच्या त्या पहिल्या काळात एक गोष्ट मात्र बहुतेकांनी निसटू दिली, ती म्हणजे तारीख. झाड नेहमी आजचेच धरले जाई. परभणीसारख्या जिल्ह्यात तेवढ्याने भागत नाही. सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा उर्दू आणि मोडीतले निजामकालीन कागद पुन्हा टेबलावर आले. त्यामागच्या मराठा आरक्षणाच्या मागणीच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, पण दप्तराच्या दृष्टीने त्या शोधाने एक गोष्ट उघडी केली. आज हिंगोली जिल्ह्यात राहणाऱ्या कुटुंबाचा जुना कागद परभणीच्या नावाने असतो, परतूरच्या कुटुंबाचाही असतो, आणि कोणत्या सालापर्यंतचा कागद कोणत्या नावाखाली शोधायचा हे जाणकार कारकुनाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की वाट बुजते. क्रमांकांवर भिस्त ठेवूनही हे सुटत नाही, कारण क्रमांकही बदलतात. जनगणनेत परभणीचा जिल्हा क्रमांक २००१ मध्ये १७ होता, २०११ मध्ये ५१३ झाला. एकत्रीकरणानंतर शेतांचे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नावेही बदलतात; मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि २०२३ मध्ये औरंगाबाद विभाग छत्रपती संभाजीनगर विभाग झाला.

म्हणून प्रत्येक नोंदीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा हव्यात. एक्सएमएलमध्ये ते दोन गुणधर्म वाढवण्याइतके सोपे आहे, आणि साच्याला एक तारीख दिली की त्या दिवशीचा मेनू निघतो. १ मे १९८० ची तारीख दिली तर परतूर परभणीखाली उघडेल, आजची दिली तर जालन्याखाली. औंढ्याचे पान उघडले की ३० एप्रिल १९९९ पर्यंतचे कागद परभणीच्या अभिलेख कक्षात शोधावेत, असे तिथेच लिहिलेले दिसेल. यासाठी नवे संशोधन लागत नाही. जिल्हानिर्मितीच्या अधिसूचना राजपत्रात आहेत, तालुक्यांचे बदल महसूल खात्याकडे आहेत, १९६७ चे गॅझेटियर छापलेले आहे, आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावांच्या याद्या आहेत. लागणार आहे ती फक्त त्यांची सांगड घालणारी एक फाइल, आणि ती अद्ययावत ठेवण्याचे काम नेमून दिलेला एक माणूस. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ला प्रशासकीय हद्दी गोठवण्याचे ठरले, त्यामुळे परभणी जिल्ह्याच्या गावांची एक तारीखवार पक्की यादी यंत्रणेला तयार करावीच लागते. ती यादी आधीच्या याद्यांना जोडून, वाचता येईल अशा रूपात खुली केली, तर जिंतूरच्या सेवा केंद्रात बसलेल्या चालकाला आजोबांच्या काळचा कागद मागायला आलेल्या माणसाला कोणत्या जिल्ह्यात पाठवायचे, हे सांगता येईल.